बाई घरी आल्या तरी शाळा सुटायची नाही

बाईंच्या तेराव्याला मागच्या खोलीत बायका एवढ्या मोठ्यानं हसल्या, की गुरुजी हातातलं पाणी तसंच ठेवून दारात आले. म्हणाले, "घरात कार्य कसलं आहे, ते एकदा नक्की करा!"

आता यात आमचा काय दोष? एखादी बाई डोळ्यांना पदर लावून सुरू करायची, "आमच्या वर्गात एकदा बाईंनी..." आणि दोन मिनिटांत तोच पदर हसू दाबायला तोंडावर जायचा. बाई त्र्याण्णव वर्षं जगल्या. त्यातली तीसेक वर्षं शिकवण्यात गेली आणि उरलेली, आम्हाला वाटायचं तशी, आम्हाला शिकवण्यात. जुन्या घरांच्या माळवदावर दरसाल मातीचा नवा थर पडतो, तसे त्यांचे किस्से वाढत गेले. प्रत्येक विद्यार्थिनीचा एक, प्रत्येक नातेवाइकाचे दोन. इतरांनी मीठमसाला लावला असेल. मी लावत नाही. कुठं तिखट लागलंच तर ते बाईंचं समजा.

बाई म्हणजे माझी आई. पाचव्या वर्षी मी त्यांच्याच वर्गात बसले, तेव्हा त्यांनी बजावलं, "इथं आई नाही. इथं बाई." मग घरीही तेच तोंडात बसलं. माझं ऐकून भावंडं म्हणू लागली. शेवटी दादासुद्धा! दादा म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. एका संध्याकाळी त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "अहो बाई, चहा मिळेल का?"

आतून आवाज आला, "हात वर करून विचारा!"

*

आजचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं आणि राज्य निजामाचं होतं. सरकारी काम सगळं उर्दूत. बाई मामाकडं नगरला राहून मराठी सातवी झालेल्या. लग्न होऊन इथं आल्या, आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चालायला लागल्यावर त्यांनी मुलींच्या शाळेत नोकरीचा अर्ज केला. उर्दूचं काय? तर शेजारी राहायची रुकय्या खाला. खालाचे मियाँ हिमरूच्या मागावर शाली विणायचे आणि खाला दिवसभर बाईंशी भिंतीवरून बोलायची. बाईंची उर्दू तेवढीच, भिंतीवरची.

मुलाखतीला साहेब होते उत्तरेकडचे, एकदम तलम उर्दूवाले. त्यांनी विचारलं, "मोहतरमा, आप उर्दू से वाक़िफ़ हैं?"

'वाकिफ' म्हणजे जाणकार, हे भिंतीवर कधी आलं नव्हतं. बाईंनी बराच विचार केला. "वाकिफ? वो कौन साब? हमारी गल्ली में तो नहीं रहते."

साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. मग सोपं करून विचारलं, "उर्दू बोल लेती हैं?"

"हौ साब! सुबू से शाम तक. झगड़ा बी करती, मनाती बी."

"किससे सीखी?"

"पड़ोसन से."

साहेब हसत म्हणाले, "लिखना-पढ़ना छह महीने में सीख लीजिए. और पड़ोसन को हमारा सलाम कहिए. कुछ हुनर हो तो उन्हें भी भेज दीजिए, जगह ख़ाली है!"

साहेबांनी गंमत केली होती. पण साहेबाच्या तोंडून आलेली गोष्ट गंमत असते, हे बाईंना मान्य नव्हतं. सोमवारी सकाळी त्या बुरख्यातल्या खालाला घेऊन ऑफिसच्या दारात हजर. "साब, ये लाई. सिलाई लई अच्छी करती!"

खाला शिवणकामाची शिक्षिका झाली! दोघी एकाच टांग्यातून शाळेत जायच्या. पुढं आयुष्यभर भांडण झालं की खालाचं ठरलेलं वाक्य असायचं, "जा गे! मेरेकू तूने नौकरी लगाई, तेरेकू वाकिफ ने!"

*

शाळा होती, पण मुली नव्हत्या. बाई घरोघर फिरायच्या. गल्लीच्या तोंडाशी भांड्यांना कल्हई लावणारे नारायणराव होते. त्यांची मुलगी सखू सात वर्षांची. बाई जाता-येता विचारायच्या, "सखूला कधी पाठवता?" आणि नारायणराव भात्याची दोरी ओढत म्हणायचे, "शिकून काय करती? कल्हई तर लावायची नाय तिला."

एक दिवस नारायणराव स्वतःच आमच्या दारात. सासुरवाडीहून पत्र आलेलं. "बाई, येवढं वाचून दाखवता का?"

बाईंनी पत्र उघडलं, वरपासून खालपर्यंत मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्यानं सुरू केलं. "इकडील सर्व क्षेम. म्हैस व्याली. थोरल्याचं दुखणं उतरलं. विशेष सांगण्यास कारण की..."

आणि पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

"आं? पुढं?"

"पुढचं सखू वाचेल. सहा महिन्यांनी."

नारायणराव गयावया करायला लागले. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. वाईट काही नाही. बघा, घाई असली तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या."

"घरातलं पत्र गल्लीभर वाचायला देऊ व्हय?"

तीच तर मेख होती. दुसऱ्या दिवशी सखू शाळेत आली. नारायणराव दर आठवड्याला चौकशीला. "ओळख झाली का 'विशेष'ची?" कधी नव्हे ते स्वतः पोरीची पाटी पुसून द्यायला लागले. सहाव्या महिन्यात सखूनं बापाच्या मांडीवर बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, "विशेष... सांगण्यास... कारण की... आमचा... पाटा-वरवंटा... परत... पाठवावा."

नारायणराव उखडले. "ह्याच्यापायी सहा म्हैने!"

बायको आतून म्हणाली, "पाटा ऱ्हाऊ द्या. पोरगी वाचतीय, ते बगा!"

*

शाळेची इमारत भाड्याची आणि छत गळकं. पावसाळ्यात मुली सरकत सरकत एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या. वर अर्ज गेले, उत्तर नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तर नाही.

त्या साली इन्स्पेक्शन नेमकं आषाढात आलं. साहेब शेरवानी, रुमी टोपी घालून टांग्यातून उतरले. सदर मुअल्लिमा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, घाबरून आतबाहेर करत होत्या. बाईंनी शांतपणे साहेबांची खुर्ची मांडली. त्यावर स्वच्छ चादर घातली.

साहेब बसले. टप्! टोपीवर एक थेंब. साहेबांनी वर पाहिलं. टप्! चष्म्यावर.

खुर्ची डावीकडं सरकवली. तिथंही टप्!

बाई अदबीनं म्हणाल्या, "साब, उधर मत बैठिए. उधर पाँचवीं जमात पर गिरता, वो ज़ोर का. इधर बैठिए. इधर तीसरी का है, ज़रा हल्का."

साहेब उठून उभे राहिले. उभ्यानंच त्यांनी पाढे ऐकले, कविता ऐकली, शिवण पाहिलं. जाताना शेरेबुकात काय लिहितात म्हणून सदर मुअल्लिमा वाकून पाहायला लागल्या. तपासणीला उर्दूत मुआयना म्हणतात. साहेबांनी लिहिलं ते बाईंना पुढं साठ वर्षं पाठ होतं:

"मैंने छत का मुआयना किया. छत ने मेरा किया. मरम्मत फ़ौरन हो."

आठ दिवसांत गवंडी आले!

*

आता एक माझा.

मी तिसरीत होते. बाईंनी गणितं घातली. माझी आणि शेजारच्या मुलीची उत्तरं सारखी, चूकही सारखी. बाईंनी विचारलं, "कुणी कुणाचं पाहिलं?" ती मुलगी गप्प. मी म्हटलं, "मी नाही पाहिलं." बाईंना वाटलं, आपल्या मुलीला सोडलं तर वर्ग काय म्हणेल? त्यांनी मला पूर्ण तास कोपऱ्यात उभं केलं, भिंतीकडं तोंड करून. घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. जेवले नाही. बाईंनीही समजूत घातली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं रडत रडत कबूल केलं, की तिनंच माझं पाहिलं होतं.

बाईंनी खडू ठेवला. म्हणाल्या, "परवा शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. चूक करणाऱ्याला व्हायला पाहिजे होती. चूक माझी." आणि सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या! नऊवारी नेसलेल्या, ताठ. आम्हाला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात सदर मुअल्लिमा दारात. "बाई! ये क्या हो रहा है?"

बाई भिंतीशीच बोलल्या, "सज़ा चालू है, आपा. घंटी तक."

सदर मुअल्लिमा चपला न वाजवता निघून गेल्या. घंटा झाली. बाई वळल्या, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता जेवशील का?"

*

बाईंची ट्रान्सफर एकदाच झाली. त्याला कारण एका बड्या अंमलदाराची मुलगी. ती पाचवीत सपशेल नापास. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा पट्टेवाला चिठ्ठी घेऊन आला. निकालावर दुसऱ्यांदा नजर टाकावी, असं उर्दूत फार गोड लिहिलं होतं. बाईंनी चिठ्ठीच्या खालीच उत्तर लिहिलं, "नज़र दो बार डाली. नंबर वहीच हैं."

पंधरा दिवसांत तबादल्याचा हुकूम आला. घाटाजवळचं कन्नड गाव!

दादांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "तिथं काय मुली नसतात?" अण्णा दादांजवळ राहिला. मला आणि धाकट्या भावाला घेऊन त्या मोटारीत बसल्या. कन्नडला देवळाच्या पडवीत शाळा होती आणि पटावर मुली होत्या नऊ. बाजाराच्या दिवशी त्याही यायच्या नाहीत. आयांबरोबर भाजी विकायला बसायच्या.

बाईंनी दोन बाजार पाहिले. तिसऱ्या बाजाराला फळा उचलला आणि बाजाराच्या कडेला चिंचेखाली टेकवला. "शाळेत कुणी येत नाही ना? मग शाळाच इथं!" मुली आईच्या टोपलीशेजारून उठायच्या, अर्धा तास शिकायच्या, परत जायच्या. भाजीवाल्या आया बसल्या जागेवरून ऐकायच्या. एखादी गिऱ्हाइकाला गप्प करायची, "थांबा वो जरा, पोरगी कविता म्हणतीय!" वर्षभरात पडवी पुरेना.

आणि तेवढ्यात बदली रद्द! झालं असं, की साहेबांच्या मुलीला घरी तीन मास्तर लावले, पण ती एकाही पुढं बसेना. तिचं म्हणणं एकच, "बाईंनी नापास केलं, तर बाईच पास करतील." शेवटी बेगमसाहेबांनी साहेबांना झोपूच दिलं नाही म्हणे.

आम्ही निघालो त्या दिवशी मोटारीभोवती ही गर्दी. बायका रडत होत्या. चंद्रभागा नावाची एक भाजीवाली होती, तिच्या दोन्ही मुली बाईंकडं शिकत होत्या. ती खिडकीत डोकं घालून म्हणाली, "बाई, त्या सायबाला आनखी पोरी हायेत का?"

"आहे एक धाकटी. का गं?"

"मंग तिलाबी नापास करा की! लई उपकार व्हतील!"

*

अण्णाचं लग्न ठरलं तो दिवस मी समोर बसून पाहिला. मुलगी खुलताबादजवळच्या एका शेतकरी घरातली, इंदू. घरचं खाऊन-पिऊन चांगलं, वडील हौशी, मुलीला शिकवलेलं. पोहे झाले. मंडळी वाट पाहत होती, की आता गाणं म्हणायला सांगतील, चालून दाखवायला सांगतील. बाईंनी पिशवीतून पाटी काढली.

"पाच ओळी सांगते. लिही."

दादांनी कपाळाला हात लावला. इंदूनं मान खाली घालून पाच ओळी लिहिल्या. एकही चूक नाही. बाई खूश. पाटी घ्यायला हात पुढं केला, तर इंदूनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि सरळ अण्णापुढं सरकवली.

"आता ह्यांनी."

इंदूचे वडील पांढरेफटक. तिची आई दारामागून खुणा करतेय. बाईंनी चष्मा वर केला. "बरोबर आहे. परीक्षा एकट्या मुलीची कशी? अण्णा, लिही."

अण्णा तेव्हा कॉलेजात जाणारा, घाम फुटलेला. बाईंनी तीच वाक्यं दयामाया न करता सांगितली. अण्णानं लिहिलं. इंदूनं पाटी घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. त्यानं लिहिलं होतं, 'कूटूंब'.

इंदू हळूच म्हणाली, "कुटुंब एवढं लांबवू नका. दोन्ही ऱ्हस्व आहेत."

बाई एवढ्या हसल्या, की पोह्याची ताटली कलंडली. "मुलगी आम्हाला पसंत आहे. मुलाचं काय, ते तिला विचारा!"

सगळे इंदूकडं पाहायला लागले. तिनं अण्णाकडं एकदा नीट पाहून घेतलं. "सुधारतील," म्हणाली.

अण्णाला पुढं दोनच मुलं. कुटुंब ऱ्हस्वच राहिलं!

*

शेवटची आठ वर्षं बाई माझ्याकडं होत्या, गारखेड्यात. तोवर खाला गेली होती, दादा गेले होते, अण्णाही गेला होता. घरातला कुठलाही निर्णय मात्र बाईंच्या खाटेशी येऊनच व्हायचा. नातवानं मोबाईल घेतला तरी आधी त्यांना दाखवायचा. "पुस्तक आहे का यात?" एवढं विचारून त्या परवानगी द्यायच्या.

नव्वदीनंतर त्यांना आमची नावं आठवेनाशी झाली. मला त्या "अहो" म्हणायच्या. पण एक गोष्ट शाबूत होती. दुपारी तीन वाजता त्या उशीला टेकून बसायच्या आणि नोकरीतल्या आपल्या पहिल्या वर्गाची हजेरी घ्यायच्या. सगळी नावं, क्रमानं. उत्तर आलं नाही तर अस्वस्थ व्हायच्या. मग आम्हीच म्हणायचो. मी, माझी सून, भांडी घासायला येणारी लता. "सखू नारायण?" "हाजिर!" "जैनब बी?" "हाजिर!" लताला तर सगळी यादी पाठ झाली होती.

एक दिवस दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारी उतरली. पांढरे केस, डोक्यावरून दुपट्टा, सोबत शाळकरी पणती. "बाईंचं घर हेच का? मी त्यांच्या वर्गात होते."

मी तिला आत नेलं. नेमकी तिनाची वेळ. बाईंचे डोळे मिटलेले, हजेरी चालू. "सखू नारायण?" लता म्हणाली, "हाजिर!" बाई म्हणाल्या, "जैनब बी?"

लतानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला. थरथरता, पण मोठा.

"हाजिर, बाई!"

बाईंनी डोळे उघडले. त्या चेहऱ्याकडं खूप वेळ पाहत राहिल्या. वाटलं, आता रडतील.

बाई म्हणाल्या, "काल का आली नव्हतीस?"

*

एकच राहिला. हा कुणाकडून ऐकलेला नाही. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते आणि बाईंपासून हातभर अंतरावर बसले होते.

निजामाचं राज्य जाण्याआधीचे काही महिने आमच्यासारख्या हिंदूंच्या घरांवर भीती होती. रोज नवी अफवा. गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून हद्दीपलीकडं गेली. आम्ही राहिलो. त्या दिवसांत रुकय्या खाला रोज सकाळी आपलं शिवणाचं मशीन आमच्या ओट्यावर आणून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत तिथं कपडे शिवत बसायची. का, ते तिनं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

मग निजामाचं राज्य गेलं, आणि भीतीनं घर बदललं. आता खालाच्या दाराला आतून कडी लागली. मियाँ वर्षापूर्वी वारलेले, मुलगा हैदराबादला. घरात खाला, सून आणि दोन लहान नाती. इकडून तिकडून वाईट बातम्या येत होत्या. शाळेला कुलूप होतं.

एका सकाळी बाई शाळेची साडी नेसल्या. मला म्हणाल्या, "सुमन, जा, मुलींना बोलावून आण. म्हणावं, शाळा बंद आहे, वर्ग बंद नाही."

दादा आडवे आले. "अहो, आज नको." बाई म्हणाल्या, "आजच." दादांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि निमूट फळा उचलून दिला. तो बाईंनी खालाच्या ओट्यावर, बंद दाराला टेकवून ठेवला. आम्ही सात मुली जमलो. पायऱ्यांवर बसलो. बाईंनी पाढे घेतले. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गल्लीत माणसं शिरली. दहा-बारा जण, हातात काठ्या. काही परके, काही आमच्याच भागातले. त्यांतले एक कुसुमचे वडील. कुसुम माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

माणसं ओट्यासमोर थांबली. पुढचा म्हणाला, "बाई, पोरींना घेऊन घरी जा."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. कुसुमच्या वडिलांकडं पाहून म्हणाल्या, "बरं झालं आलात. मागं विचारत होता ना, मुलगी काय शिकते म्हणून? कुसुम, ऊठ. वडिलांना एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखव."

कुसुम उठली. वडिलांच्या हातातल्या काठीकडं बघत तिनं सुरू केलं.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

कुणी हलेना. पाढा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्या माणसांनाही लहानपणापासून माहीत असावं.

"चोक एकशे सोळा. पाचे एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. साते..."

कुसुम अडली. "साते..." तिनं ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळ्या जणी पाठ असूनही गप्प, कारण बाईंच्या वर्गात दुसऱ्याला सांगायची बंदी होती.

आणि फळ्याच्या मागून, बंद दाराच्या आतून, उभ्या आयुष्यात जिच्या तोंडून आम्ही मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, त्या खालाचा आवाज आला.

"दोनशे तीन!"

बाई दाराकडं न वळताच म्हणाल्या, "बरोबर. कुसुम, पुढं."

कुसुमनं डोळे पुसले. "आठे दोनशे बत्तीस. नव्वे दोनशे एकसष्ट."

ती "दाहे दोनशे नव्वद" म्हणाली, तेव्हा ते ऐकायला गल्लीत फक्त तिचे वडील उरले होते. त्यांनी काठी आमच्या भिंतीला टेकवली होती आणि ते पायरीवर, आमच्या रांगेत, खाली मान घालून बसले होते.